गाऱ्हाण्यात माझी पाठ

मालवणजवळच्या कट्टा गावापासून आत चार किलोमीटरवर आमचे गाव आहे. तिथे मला ओळखायची खूण एकच होती. अमक्याचा मुलगा, पेपरात काम करणारा, हे सगळे नंतर येई. आधी लोक म्हणत, ‘तो गो, डोक्यार फिरता तो.’

ही ओळख मी स्वतः मिळवली होती. कोल्हापूरला कॉलेजात असताना मी ब्रेकिंग हा जमिनीवरच्या गिरक्यांचा नाच शिकलो. एका मित्राच्या वडिलांचा छापखाना बंद पडला होता. त्या रिकाम्या हॉलमध्ये फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरून आम्ही सराव करायचो. हेडस्पिन म्हणजे डोके जमिनीवर, पाय वर, हात सुटे, आणि सगळे शरीर भोवऱ्यासारखे फिरते. ते नीट यायला मला चौदा महिने लागले. गणपतीला घरी आलो तेव्हा देवळाच्या सभामंडपात करून दाखवले. म्हाताऱ्या माणसांनी फेरे मोजले. काहींच्या मते अकरा झाले, काहींच्या मते तेरा. हा वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

शिक्षण संपल्यावर मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत लागलो. नऊ वर्षे डेस्कवर काढली. वाक्य लहान ठेवायचे, विशेषण खोडायचे, जे पाहिले नाही ते लिहायचे नाही आणि स्वतःला बातमीत आणायचे नाही, एवढे तिथे शिकलो. आता घरून एका संकेतस्थळासाठी दुसऱ्यांच्या बातम्या तपासतो आणि संध्याकाळी मोटरसायकलने मालवणला जाऊन नाच बसवतो. ही दोन कामे मला फारशी वेगळी वाटलेली नाहीत. दोन्हीत बराच वेळ जास्तीचे काढून टाकण्यात जातो.

आमचा ग्रुप माझ्यासकट सहा जणांचा. सराव बंदराजवळच्या एका शेडमध्ये चालतो. सकाळी तिथे मासळीचा लिलाव होतो, दुपारी फरशी धुतात, साडेचारपर्यंत ती सुकते. फरशी गुळगुळीत आहे, पण कुठे ना कुठे एखादा खवला चिकटून राहतो आणि तळहाताला लागतो. म्हणून आधी प्रत्येकाने आपापली जागा हाताने चाचपून घ्यायची. ग्रुपमध्ये सगळ्यात चांगली नाचणारी मुलगी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिची आई बाजारात मासे विकते. मुलगी चोवीस वर्षांची, फटकळ, आणि माझ्यानंतर ग्रुप तीच चालवणार हे सगळे धरून चालतात. बाकीच्यांपैकी फक्त एका इलेक्ट्रिशियनचा पुढे उल्लेख येईल.

पाठ दुखू लागली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. दुखणे उलटे होते. विश्रांती घेतली की वाढायचे, हालचाल केली की कमी व्हायचे. पहाटे जाग येई ती कंबरेमुळे. अंथरुणातून उठताना कुशीवर वळायचे, कोपर टेकायचे, पाय खाली सोडायचे आणि मग उभे राहायचे, असे चार टप्पे करावे लागत. तासाभराने अंग मोकळे होई आणि दिवसभर मी त्या तासाबद्दल विसरून जाई. नाचणाऱ्याची पाठ दुखणारच, असे मी ठरवून टाकले. दोन वर्षे मलमे लावली.

मग एक दिवस उजवा डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘सकाळी पाठ आखडते का?’ डोळा दाखवायला आलेल्या माणसाला पाठीबद्दल विचारणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी चिठ्ठी देऊन मला गोव्याला पाठवले. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी तो विचारला नसता तर मी आणखी काही वर्षे मलमे लावत बसलो असतो.

गोव्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि पेनाच्या टोकाने दाखवत सांगितले. आजाराचे नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस; डोळा लाल होणे हेही त्याचेच लक्षण. मणक्यांच्या मधल्या जागेत हाड धरत जाते आणि सुटे मणके हळूहळू एकमेकांना जुळतात. पूर्ण जुळले की फोटोत कणा बांबूसारखा दिसतो. औषधाने वेग कमी होतो, जुळलेले सुटत नाही. मी नाच करतो म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, थांबायचे नाही. चाला, पोहा, नाचा, पण रोज हला. दुसरी, डोक्यावर उभे राहायचे नाही. पुन्हा कधीच नाही. ‘जुळलेला कणा लवत नाही,’ ते म्हणाले. ‘तो मोडतो. मानेत मोडला तर त्याखालचे काही तुमचे राहणार नाही.’

हे मी घरी फक्त आईला सांगितले, आणि तेही इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावे लागते म्हणून. आई अंगणवाडीत सेविका होती, आता निवृत्त आहे. तिने खोक्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली, ‘दरवाजात ठेव नको, थंय थंडी कमी आसता,’ एवढेच म्हणाली आणि अंडी दुसरीकडे हलवली.

ग्रुपला मी काही सांगितले नाही. असे तीन वर्षे चालले. आधी जमिनीवरच्या गिरक्या मी दुसऱ्यांना देऊन टाकल्या. मग हळूहळू ब्रेकिंग सोडून पॉपिंगकडे वळलो. पॉपिंगमध्ये स्नायू एकदम आवळायचा आणि सोडायचा असतो. हात, खांदा, मांडी, एकेक अवयव सुटा चालतो, पाठ वाकवायची गरज फारशी पडत नाही. ‘स्टाइल बदलतोय’ असे मी सांगितले. ते खरेच होते, फक्त अपुरे होते.

बाजारात वेगळीच अडचण झाली. माझी मान बाजूला वळेनाशी झाली होती. कोणी डावीकडून हाक मारली तर मला सगळे अंग फिरवावे लागे, आणि गर्दीत ते जमत नसे. त्यामुळे मी सरळ पुढे जात असे. एकदा मच्छीमार्केटजवळ मागून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, ‘ह्येका आता हाक मारूची तर फुडे येवन उभ्या रवाक होया. सायेब झालोहा.’ मी तो गैरसमज दुरुस्त केला नाही. लोकांनी मला शिष्ट समजणे आजारी समजण्यापेक्षा सोयीचे होते. आजारी कोरिओग्राफर कोण बोलावणार, आणि त्याच्याकडे शिकायला कोण येणार, असा माझा हिशेब होता.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मागच्या खोलीच्या दाराला पाठ आणि टाचा लावून उभा राहायचो. डोक्याची मागची बाजू दाराला टेकते का ते पाहायचो. आधी एका बोटाची फट होती. मग दोन बोटांची झाली. तिसऱ्या वर्षी चार बोटे सहज जाऊ लागली. हे मी वहीत तारखेसह लिहीत असे. त्यापुढे काही लिहीत नसे.

त्या वर्षी देवळाच्या वर्धापनदिनाला आमच्या ग्रुपचा नाच ठेवायचे ठरले. कमिटीतले एक काका घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, ‘शेवटाक तां डोक्यार फिरणां ठेव हां. लोक तेच्यासाठीच येतत.’

मी ‘बघूया’ म्हणालो. आमच्याकडे बघूया म्हणजे होय. काका खूश होऊन गेले. आई आतल्या दारात उभी होती.

मला नाही म्हणता आले असते. म्हणालो नाही, त्याचे कारण मला तेव्हाही स्पष्ट होते. मी शेवटचे हेडस्पिन कधी केले ते मला आठवत नव्हते. मालवणच्या शेडमध्ये कधीतरी संध्याकाळी केले असणार, पण ते शेवटचे आहे हे करताना माहीत नव्हते. मला एकदा माहीत असताना करायचे होते. जिथे ती ओळख मिळाली तिथेच ती जमा करायची होती. तीन फेरे मारायचे आणि उतरायचे, असे मी ठरवले. डॉक्टरांचे वाक्य मला शब्दशः पाठ होते. मी एवढेच म्हणत होतो की माझी मान अजून पूर्ण जुळलेली नाही, अजून थोडी हलते, आणि तीन फेऱ्यांना चार सेकंद लागतात. आता लिहिताना हा युक्तिवाद कच्चा दिसतो. एखाद्या बातमीदाराने तो माझ्या टेबलावर आणला असता तर मी परत पाठवला असता.

कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला होता. ऊन सभामंडपाच्या पायऱ्यांपर्यंत उतरले होते. दोनशेच्या आसपास माणसे असावीत. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजवीकडे, मुले पुढे चटईवर. आमच्याकडे कोणताही कार्यक्रम गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेले म्हणणे. एक मानकरी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वाक्यात काय आहे याकडे फार कोणाचे लक्ष नसते. लय अंगात असते, तोंडातून उत्तर आपोआप जाते.

गाऱ्हाणे घालायला तात्या उभे राहिले. तात्या आमच्या शेजारच्या घरातले, निवृत्त पोस्टमन, वय पंचाहत्तरच्या पुढे. आवाज अजून खणखणीत. आम्ही सहाही जण नाचाचे कपडे घालून त्यांच्या मागे ओळीने उभे होतो. त्यांनी नारळ देवापुढे ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आज तुझो वाढदिस करूक ही सगळी लेकरां जमली आसत म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘मालवणसून ही पोरां नाचूक इली आसत. तेंचे हातपाय धड ठेव म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘मधीच लाइट जाता, ती आज जाव नको म्हाराजा!’

हे जरा जोरात आले. ‘व्हय म्हाराजा!’

‘आणि ह्यो आमचो झील, डोक्यार फिरणारो...’ तात्यांनी मागे न बघता अंगठा माझ्याकडे केला. ‘तेच्या कण्याचो बांबू झालो आसा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

उत्तर पूर्ण आवाजात आले. त्यानंतर काही माना वळल्या.

‘तीन वर्सां तो कोणाक बोललो नाय म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा.’

‘डॉक्टरान तेका डोक्यार उभ्या रवाक नको म्हणान सांगलेला आसा. तरी तो आज फिरूचो बेत करता म्हाराजा!’

या वेळी उत्तर विस्कटले. पुरुषांकडून अर्धे आले, मुलांकडून पूर्ण, बायकांकडून काहीच नाही. तात्यांनी आवाज चढवला.

‘तेका फिरूक देव नको म्हाराजा! तेची मान संबाळ म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

आधी बायकांच्या बाजूने आले आणि मग सगळीकडून. त्या संध्याकाळचा तो सगळ्यात मोठा आवाज होता. मागच्या वाशावर बसलेली कबुतरे उडाली. तात्यांनी नेहमीचा शेवट केला, काय चुकला माकला आसात तर पदरात घे आणि सगळ्यांचा बरां कर, आणि नारळ फोडला. मी हात जोडून उभा होतो तसाच होतो. डोक्यात आलेला पहिला विचार नोंदवण्यासारखा आहे. मजकुरात एकही चूक नव्हती. वाक्ये लहान होती. खोडण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर सत्कार होते. सत्काराला पाच जण होते, म्हणजे आम्हाला पंधरा मिनिटे तरी मिळणार होती. देवळामागे भांड्यांची खोली आहे. आम्ही तिथे गेलो. मुलीने दार लोटून घेतले.

‘बांबू म्हणजे काय?’ तिने विचारले.

‘मणके जुळतत. एकाक एक.’

‘आणि तीन वर्सां तू माका बोलूक नाय?’

‘नाय.’

‘आमका वाटला, दादाक आता आमच्यावांगडा जमनीर बसूक पण कमीपणा वाटता. मी माझ्या आवशीक सांगलंय तसां. ती तुका बाजारात शिव्या घालता ता माझ्यामुळे.’

‘माझे पण घाल तेच्यात,’ इलेक्ट्रिशियन म्हणाला. ‘मी हाक मारलंय तीनदा. बगूक नाय म्हणान चवथ्यांदा काय म्हटलंय ता हंय देवळात सांगूक येवचा नाय.’

कोणीतरी हसले. मुलगी हसली नाही. ‘आज तू खरांच फिरूचो होतंस?’

हेडस्पिनला डोक्यावर एक घट्ट लोकरी टोपी घालतात, टाळू सोलू नये म्हणून. ती माझ्या पँटच्या खिशातून बाहेर आली होती. तिला ती दिसली.

‘टोपी हंय दी.’

मी दिली. तिने ती आपल्या पिशवीत तळाशी कोंबली आणि चेन लावली. मग ती एका मोठ्या टोपाच्या झाकणावर बसली आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. बाहेर माइकवरून शाल आणि श्रीफळ असे शब्द येत होते. मी म्हणालो, ‘शेवटचो एक मिनिट रिकामो रवतलो. तू काय ता कर. तुझां फूटवर्क घे.’

‘गप रव जरा,’ ती म्हणाली. मग उठली. ‘शेवटाक दादा मधी. आमी पाच जण भोवती. सगळ्यांनी कणो ठेवचो तो दादासारखो. कंबरेत वाकूचा नाय. मान फिरवची नाय. बगूचा झाला तर सगळ्या अंगान फिरूचा.’

‘मगे नाचूचा कशान?’ इलेक्ट्रिशियनने विचारले.

‘हात आसत मां? गुडगे आसत, खांदे आसत. दादा तीन वर्सां तेच्यारच नाचता. तुका दिसूक नाय काय?’

तिला दिसले होते. कारण माहीत नव्हते, पण मी काय वापरतो आणि काय वापरत नाही हे तिने तीन वर्षे नीट पाहिले होते आणि ती ते आता मुद्देसूद सांगत होती. माझ्या वहीत बोटांच्या फटी होत्या. तिने सांगितलेले त्यात कुठे नव्हते. मी भिंतीला टेकून ऐकले. तिने प्रत्येकाला माझी एकेक हालचाल दिली. एकाला सरावात बसून उठण्याचे माझे चार टप्पे, दुसऱ्याला अंगासकट वळणे, इलेक्ट्रिशियनला जिना उतरताना मी पावलांकडे बघू शकत नाही म्हणून तळवा चाचपत टाकतो ती चाल. ती चाल मी करतो हे मला ठाऊक नव्हते.

‘आणि मी?’ मी विचारले.

‘तू नेहमीसारखो नाच.’

पहिली सहा मिनिटे आम्ही बसवले होते तसे झाले. लाइट गेली नाही. शेवटच्या मिनिटाला संगीत संथ होते, तिथे मी मध्ये आलो आणि ते पाच जण भोवती उभे राहिले. चटईवरची मुले पुढे सरकली. त्यांना अजूनही मी उलटा होईन असे वाटत असावे. मी उजवा खांदा आवळून सोडला. भोवतीचे पाच खांदे तसेच आवळले आणि सुटले. मी वळलो, म्हणजे सगळ्या अंगाने वळलो, आणि पाच जण तसेच वळले.

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. एक्स-रेत मला माझी हाडे दिसली होती, आरशात माझा पुढचा भाग. मी कसा वळतो, कसा उभा राहतो, पाऊल कसे टाकतो हे मी त्या मिनिटात पहिल्यांदा पाच जणांच्या अंगावर पाहिले. ते विचित्र होते, आणि ते वाईट नव्हते. त्यात एक सावकाशपणा होता. एखादी भरलेली घागर सांडू न देता न्यावी तसे ते पाचही जण चालत होते. मी तीन वर्षे जे लपवत होतो ते नाचण्यासारखे आहे, हे मला तेव्हा कळले, आणि ते मला माझ्यापेक्षा वयाने लहान माणसांनी दाखवले.

इलेक्ट्रिशियन विसरला. पाऊल चाचपताना तो कंबरेत चांगलाच वाकला. बायकांतून आवाज आला, ‘ए बांबू, वाकलंस मरे!’

सगळा मंडप हसला. तो चमकून ताठ झाला आणि लोक आणखी हसले. पुढच्या वेळी कोणी वाकतो का यावर सगळ्यांचे डोळे होते. दोनशे माणसे एका न वाकणाऱ्या कण्यावर लक्ष ठेवून बसली होती आणि त्यांना ते आवडत होते. संगीत संपले तेव्हा आम्ही सहा जण एका ओळीत उभे होतो. नमस्काराला वाकायचे असते. आम्ही वाकलो नाही, हात जोडले. टाळ्या बराच वेळ पडल्या.

नंतर जे झाले त्याची मी कल्पना केली नव्हती. मला वाटले होते लोक कीव करतील किंवा टाळतील. लोक आपापली शरीरे दाखवायला आले. मुलीची आई आधी आली. शिव्यांबद्दल ती काही बोलली नाही. ‘माझी मान बघ,’ म्हणाली आणि पदर सरकवला. तीस वर्षे डोक्यावर पाटी वाहून मान खांद्यांत बसली होती. ‘पयली माझी मान बरी लांब होती. लग्नाच्या फोटवात बघ.’ एका काकांनी उजवा खांदा दाखवला, रापणीचे दोर ओढून तो डाव्यापेक्षा दोन बोटे खाली आला होता. रापणीत किनाऱ्यावरून जाळे ओढतात, पन्नास माणसे मागे मागे चालत, आणि त्यांचे चालणे जमिनीवरही तसेच राहते, टाचेवर भार देऊन. एसटीत कंडक्टर असलेल्या एकाने गुडघे दाखवले. मी विचारत गेलो. काम कोणते, किती वर्षे, कोणती बाजू, झोपताना काय होते. डेस्कवरची सवय. घरी जाऊन सगळे लिहून काढले. पुढे आम्ही बसवलेला नाच त्या वहीतून आला आणि त्यावर अजून काम चालू आहे. प्रत्येक हालचालीखाली ती कोणाकडून घेतली ते लिहिलेले आहे.

फेऱ्यांबद्दल एकाच म्हाताऱ्याने विषय काढला. ‘अकरा काय तेरा, ता आता कळूचा नाय तर,’ तो म्हणाला. त्याला खरेच वाईट वाटलेले दिसले.

त्या सगळ्यात मी एका माणसाशी बोलत नव्हतो, ती म्हणजे आई. आजार फक्त तिला माहीत होता, त्यामुळे तात्यांना तिनेच सांगितले हे उघड होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांकडे गेलो. ते अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते.

‘तात्यानू, तां सगळ्यांसमोर कित्याक सांगलास?’

त्यांनी मान खाली घातली. ‘चूक झाली माझी, झिला. तुझ्या आवशीन घरातलां गाऱ्हाणां म्हणान सांगलेला. माका म्हटला, एकच नारळ फोडूचो आसा तर दोन्ही गाऱ्हाणी एकातच घालूया. म्हातारो झालंय.’

मी ते मान्य केले. पंचाहत्तरीच्या माणसाने खासगी आणि जाहीर यांची गल्लत केली, असे मी धरले. आईवरचा राग त्यामुळे कमी झाला, पण गेला नाही. दोन दिवस मी जेवणापुरते बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेज पिताना, मी नेहमीप्रमाणे उभ्यानेच पीत होतो, आई म्हणाली, ‘तात्यांका काय बोल नको हां. तेंची चूक नाय.’

‘तेनी सांगल्यानी माका. चुकान झाला.’

‘ते खोटां बोलले. मीच तेंका सांगलंय, देवळात घाला, सगळ्यांसमोर. ते दोन दिवस नको म्हणत होते.’

मी पेजेची वाटी खाली ठेवली. ‘कित्याक?’

‘तू त्या काकांक बघूया म्हटलंस. मगे मागच्या खोलयेत दुपारी दार लावन पाय वर करूक लागलंस. भिंतीक टाचो लागतत, ता माका सैपाकघरात आयकाक येता. माका कळला.’ ती चुलीकडे बघत बोलत होती. ‘डॉक्टराचा तू आयकूक नाय. माझा आयकलं नसतंस. देवाक तू मानणस नाय. पण दोनशे माणसांनी एकदा व्हय म्हटल्यार तू तेंच्यासमोर फिरलं नसतंस. तितको तू माका म्हायत आसस.’

बातमीचा स्रोत मी चुकीचा धरला होता. दोन दिवस दोष चुकीच्या माणसावर ठेवला होता, आणि त्या माणसाने तो शांतपणे अंगावर घेतला होता. नऊ वर्षांच्या अनुभवात इतकी साधी चूक मी केली नव्हती.

‘मी तीनच फेरे मारूचो होतंय,’ मी म्हणालो.

‘म्हणजे मारूचो होतंस.’

‘होय.’

तिने हातातली पळी भांड्यावर आडवी ठेवली. उठली आणि मागच्या दारी गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला आणि बादली भरल्यावर पाणी बाहेर वाहू लागले तरी बंद झाला नाही. मी तिच्यामागे जायला निघालो आणि थांबलो. आमच्या घरात आईचे आभार मानायची पद्धत नाही. तिची पेज अर्धी राहिली होती. मी गुडघ्यात बसलो, पाठ होती तशीच ठेवून, तिची वाटी उचलून चुलीच्या कडेला उबेत सरकवली आणि वर ताटली झाकली.